नात्याचा रकाना

जऊळका, ५ जानेवारी २०२६

रंजीताबाई,

"काडी मोडली. आता तू ह्याची कोणी लागत नाई, अन् हा तुहा कोणी लागत नाई," असं ग्यानबा महाजन म्हणाले होते. मालेगावच्या मळ्यात विहिरीजवळ सतरंजी टाकून आमच्या समाजातले चारजण बसले होते. कपाशीच्या पऱ्हाटीची अर्धवट वाळलेली काडी होती, एक टोक दौलतच्या हातात, एक माझ्या. ती मोडेना, नुसती वाकत होती. शेवटी ग्यानबांनीच मधोमध अंगठा दाबला. मग सगळ्यांना चहा आला आणि मी माझी पेटी घेऊन जऊळक्याला आले. कोर्टात जावं लागतं, हे त्या सतरंजीवर कोणी बोललं नाही. आमच्यात लग्नं अशीच मोडत आली होती.

मला शाळेची नोकरी सोडायची नव्हती, त्याला मळा सोडायचा नव्हता. एवढंच होतं. तुम्हाला लोकांनी दुसरं काही सांगितलं असेल तर तेही असू द्या.

परवा मी तिसरीच्या वर्गावर असताना वाशिमच्या दवाखान्यातून फोन आला. "दौलतरावांच्या पत्नी का?" मी नाही म्हणाले. पलीकडची बाई म्हणाली, "कायद्याने तुम्हीच आहात मॅडम." दौलत दसऱ्यानंतर वाफ्यात कोसळला, मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून श्वासाच्या मशीनवर आहे, हे मला गावातून कळलं होतं. पुढचं तिनं सांगितलं. तीन डॉक्टरांचं मंडळ बसलं. मेंदू आता परत यायचा नाही, असं त्यांनी लिहिलं. घरच्यांची संमती असली तर तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ बसेल, त्यातला एक सरकारनं नेमलेला. त्यांनीही होकार दिला की मॅजिस्ट्रेटना कळवून मशीन काढता येतं. तुम्हाला लग्नाचं विचारलं तेव्हा तुम्ही मारोतीच्या पारावर माळ घातल्याचं सांगितलं म्हणे, आणि दौलतच्या आई, आत्याबाई, मध्येच बोलल्या, "पयली हाय ना, जऊळक्याले मास्तरीण."

तुमचा फोन लागत नाही. बहुतेक माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवला आहे. धीरजभाऊजींच्या फोनवर पाठवलेलं तेच आधी वाचतील. म्हणून हे पत्र तनुजा सिस्टरच्या हाती देते. ती आमच्या गल्लीतली, रोज गाडीनं वाशिमला त्याच दवाखान्यात कामाला जाते.

मी सही करायला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. रविवारी येऊन त्याला पाहावं म्हणते. तुम्हाला चालणार नसेल तर सिस्टरजवळ निरोप ठेवा.

उज्ज्वला


जऊळका, ११ जानेवारी

रंजीता,

"मले अहो-जाहो नोका करू, मास्तरीणबाई. मी लहान हाय तुमच्याऊन. शिव्या द्यायच्या त एकेरीत द्या." तू असं म्हणालीस, म्हणून आजपासून एकेरी. शिव्या देणार नाही.

त्याआधी तू काय म्हणालीस तेही लिहून ठेवते, म्हणजे आपल्यात ते झाकलेलं राहणार नाही. मी दवाखान्याच्या पायऱ्या चढून वर आले आणि सगळ्या लोकांसमोर तू विचारलंस, "कायले आल्या? मारायले?" आत्याबाई खाली चटईवर वटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दवाखान्यातही त्यांचे हात थांबत नाहीत. त्या म्हणाल्या, "भांडा, भांडा. माह्या दोन सुना. एक कागदाची, एक कामाची. अन् पोरगा दोघीच्या बी कामाचा नाई राह्यला." तू हसलीस. मग तोंड फिरवून भिंतीकडे उभी राहिलीस.

त्याला पाहिलं. गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे, हे ऐकलं होतं. पण त्याची नखं इतकी स्वच्छ असतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्याच्या घरात होते तेव्हा त्याच्या नखांत कायम माती असायची, लग्नातसुद्धा होती. नखं तू कापतेस, असं सिस्टर म्हणाली. पाठीला एक जखम नाही, तीही तुझ्यामुळे.

संध्याकाळी मी ऋषिकेशकडे गेले. माझा जुना विद्यार्थी, आता वाशिमला वकिली करतो. त्याला विचारलं, ग्यानबांनी मोडलेलं लग्न मोडलेलं का नाही? तो म्हणाला, "रूढी होती हे कोर्टात सिद्ध करावं लागेल. साक्षीदार कोण?" मी म्हटलं, चारीजण वारले. तो म्हणाला, "मग मॅडम, तुम्ही अजून नांदताच आहात."

दुसरं तो असं म्हणाला की तुझा हक्क अगदीच नाही असंही नाही. जवळचा नातेवाईक, पालक किंवा अगदी जवळचा माणूस, असं कोणीही संमती देऊ शकतं. पण घरात वाद दिसला की मंडळ हात मागे घेतं. मग नागपूरला हायकोर्टात जावं लागतं आणि तोवर तो असाच. म्हणजे मी एकटीनं सही केली आणि तू ओरडलीस, तर होणार नाही. तू केलीस आणि मी गप्प घरी बसले, तर ते मलाच शोधत येतील. दोघींनी एका टेबलाशी बसून एकच बोलावं लागेल.

तू म्हणालीस, "ते ऐकते. मी मळ्याचं सांगतो त डोळा हलवते." डॉक्टर म्हणतात, ते आपोआप होतं. मी कोणाचं खरं मानू ते मला ठरवता आलेलं नाही. बुधवारी संक्रांतीची सुटी आहे. मला तुझ्यासोबत आत येऊ दे.

तू विचारलंस, मी पुन्हा लग्न करून घर का केलं नाही. त्याचं उत्तर मी या पत्रात लिहीत नाही.

उज्ज्वला


जऊळका, १५ जानेवारी

रंजीता,

काल तू मला आत येऊ दिलंस. बदल्यात मी जे पाहिलं ते तुला सांगणं भाग आहे. न सांगता बरं वाटलं असतं.

तू त्याच्या कानाशी वाकलीस आणि हळू आवाजात सगळं सांगितलंस. मेथी उपटली. वांग्यावर अळी होती, फवारलं. कोबीनं गड्डा धरला. मोटर जळाली होती, धीरजनं भरून आणली. तुझा आवाज इतका रोजचा होता की क्षणभर मलाही वाटलं, हा आता विचारेल, कोणती मोटर, मोठी का लहान? आणि त्याची डावी पापणी हलली. तू माझ्याकडे पाहिलंस. जिंकलेल्या माणसासारखं नव्हे. मला तुझी बाजू कळावी, एवढंच त्या बघण्यात होतं.

मग तू पाणी प्यायला बाहेर गेलीस आणि सिस्टरनं मला थोडा वेळ थांबू दिलं. मी त्याच जागी वाकले. मीही मेथीचंच बोलले. पापणी हलली. माझ्यासाठीही हलली, रंजीता. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कोणाला सांगणार नाही. मग मी मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिले, तोंडातून शब्द काढला नाही, हातसुद्धा हलवला नाही. पापणी हलली. थोड्या वेळानं पुन्हा हलली. मशीनचा आवाज येत होता आणि पापणी हलत होती आणि तिथे कोणीच त्याच्याशी बोलत नव्हतं.

तू आत आलीस आणि माझं तोंड पाहून विचारलंस, "काय झालं?" मी काही नाही म्हणाले. ते खोटं होतं म्हणून हे पत्र.

तू माझ्यावर चिडशील. चीड. पण उद्या एकदा तूही न बोलता उभी राहून पाहा.

बाहेर आल्यावरचं तर तुझ्यासमोरच झालं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको, कामरगावची, तिळाच्या वड्या आणि कुंकवाची डबी घेऊन बाकावरच्या बायांना लावत आली, आपल्या दोघींपुढे थांबली आणि सरळ विचारलं, "यातली सवाशीण कोनती वो?" तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, तिचा दोष नाही. आत्याबाई म्हणाल्या, "दोघीइले लाव. डबी भरेल हाय ना?" तू डोळे मिटून लावून घेतलंस. मीही घेतलं. घरी आल्यावर मी ते पुसलं. लगेच पुसलं का, ते विचारू नकोस.

उज्ज्वला


जऊळका, २० जानेवारी

रंजीता,

तू उभी राहून पाहिलंस, हे तनुजा सिस्टरनं सांगितलं. दोन दिवस तू त्याच्या कानाशी बोलली नाहीस, हेही. मी जिंकले असं मला वाटलेलं नाही. आज शाळेत कशातच लक्ष लागलं नाही.

आणि आता धीरजभाऊजी म्हणतात, त्याला घरी न्यायला गाडी ठरवली. शुक्रवारी वसंत पंचमी, दिवस चांगला, आत्याबाईंनीही मान हलवली. दवाखान्यात 'आमच्या जबाबदारीवर नेतो' असं लिहून द्यायचं, कोणतं मंडळ नको, कोर्ट नको, मास्तरीण नको. गाडीतला माणूस हातानं रबरी पिशवी दाबत मालेगावपर्यंत श्वास देईल, मळ्यात पोचलं की हात काढेल. भाऊजी मला फोनवर म्हणाले, "वहिनी, सारेच असं करतात. माळ्याचा माणूस मळ्यात जाऊ द्या. तुमाले कायद्याचा लई पुळका हाय त शाळेत शिकवा." वहिनी म्हणाले ते सवयीनं.

तू हो म्हटलंस. का, ते मला कळतं. गाडीत कोणी विचारत नाही, तू याची कोण. तुझ्या दारात, तुझ्या मांडीवर. माझं तिथे काही काम नाही. माझ्या जागी असती तर कोणतीही बाई म्हणाली असती, बरं झालं, सुटले.

मी तसं म्हणू शकत नाही. कारण तुला सांगते. हे मी माझ्या शाळेतल्या बायांनाही सांगितलेलं नाही.

माझ्या बाबांना असंच आणलं होतं. अकोल्याहून. सगळे म्हणाले, घरच्या जमिनीवर जाऊ द्या, आणि मीही मान हलवली. गाडीतल्या माणसानं उंबऱ्यापाशी पिशवी दाबणं थांबवलं, नळी काढली, नमस्कार केला आणि गेला. त्याचं काम तेवढंच होतं. आम्ही बाबांना घोंगडीवर ठेवलं, तुळशीचं पान ठेवलं. श्वास लगेच थांबेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो थांबला नाही. सकाळी आणलं होतं, दिवे लागले तरी बाबांच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आई चमच्यानं पाणी घाली, ते गालावरून कानात जाई. घशातून जो आवाज येत होता तो ओट्यावर ऐकू जात होता. पुरुष एकेक करून अंगणात जाऊन उभे राहिले. आणि बाया बोलायला लागल्या, "जीव कशात अटकला असंन बुढ्याचा?" त्यातली एक माझ्याकडे पाहून म्हणाली, "लेक नांदत नाई ना. तिच्यात अटकला." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. बरीच वर्षं पटत राहिलं.

परवा वाशिमच्या डॉक्टरांना मी विचारलं, मशीन काढताना काय होतं? ते म्हणाले, आधी औषध देतात. गुंगीचं, धाप लागू नये म्हणूनचं. हळूहळू वाढवतात, मग श्वासाचं मशीन काढतात, आणि शेवटपर्यंत दवाखान्याचा माणूस बाजूला उभा असतो. धाप दिसली तर पुन्हा औषध. मी विचारलं, घरी नेलं तर? ते म्हणाले, घरी नेलेल्याला हे कोण देणार मॅडम, गाडीतला माणूस?

म्हणजे बाबांचा जीव माझ्यात अडकलेला नव्हता. त्यांना कोणी औषध दिलेलं नव्हतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसले.

शुक्रवारी ते आवाज तू एकटी ऐकशील. बायका तुझ्याकडे बघून बोलतील. त्या काय बोलतील ते मला आत्ताच माहीत आहे, आणि तुलाही.

दुसरं मंडळही शुक्रवारीच बसू शकतं, सरकारनं नेमलेले अकोल्याचे डॉक्टर त्याच दिवशी वाशिमला येतात. मी विचारून ठेवलं आहे. गाडी थांबव.

उज्ज्वला


जऊळका, २२ जानेवारी, गुरुवार

रंजीता,

तुझा निरोप सिस्टरनं जसाच्या तसा सांगितला. "बाईले सांगजा, मले पटलं. आवाजाचं पटलं. पण त्या टेबलावर मी कोण म्हणून बसू? त्यायनं मले चौदा वर्षांत एक डाव बी 'तू माही कोण' असं इचारलं नाई. अन् हे लोक इचारतीन. तिथं ते बाईले बायको लिवतीन, अन् मी उभी राहून पाहीन? त्यापक्षा गाडी बरी."

माझ्याजवळ याचं चांगलं उत्तर नाही. जे करून पाहिलं ते सांगते.

मी ऋषिकेशला म्हटलं, संमतीच्या कागदावर आम्हा दोघींना बायको लिही. तो म्हणाला, कायद्याला एकच चालते. मी म्हटलं, मग तिला लिही, मला काहीच लिहू नको. तो म्हणाला, उद्या कोणी तक्रार केली तर डॉक्टर अडकतील, ते सहीच घेणार नाहीत. मी विचारलं, तिच्या नावापुढे काय येईल? तो म्हणाला, 'सोबत राहणारी'. मी म्हटलं, 'सांभाळणारी' लिही. त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "लिहितो. शब्द कायद्यातला नाही, पण खोटा नाही. मंडळ खोडतं का ते पाहू." तेवढंच मिळालं.

डॉक्टरांशी बोलले. आत्याबाईंना आत बसू देतील, तुलाही, आणि तिथे वेळेचा नियम लावणार नाहीत. मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणलंस तर ओठांना लावू देतील. दरवाजा बंद करून घेता येईल. मी आत येणार नाही. मी बाहेर बाकावर बसेन. मॅजिस्ट्रेटच्या कार्यालयाचा फोन आला तर कोणीतरी उचलायला हवा, तो मी उचलेन. झाल्यावर त्याला मळ्यात न्या, पुढचं सगळं तुझं. आत्याबाईंनी बोलावलं तरी मी मालेगावला येणार नाही. कोणी विचारलं, पहिली कुठे आहे, तर म्हण, ती फक्त सहीला आली होती.

आता जे तुला खरंतर लिहू नये तेही लिहिते, कारण ते झाकून तुझ्याकडे काही मागणं मला जमणार नाही. दवाखान्यातली बाई फोनवर "पत्नी" म्हणाली तेव्हा मी नाही म्हणाले. पण तो शब्द ऐकून मला वाईट वाटलं नव्हतं. उद्या टेबलावर तो पुन्हा म्हटला जाईल आणि मी मान खाली घालून बसेन, तेव्हाही मला नुसतं वाईट वाटणार नाही. तू हे माझ्या तोंडावर ओळखशील. तू असल्या गोष्टी ओळखतेस, पापणीसुद्धा माझ्याआधी तूच पाहिली होतीस. म्हणून तू नाही म्हणशील याची मला खात्री आहे, आणि त्यात तुझं काही चुकणार नाही.

गाडी सकाळी आठला येणार म्हणे. मंडळ अकराला. मी इथून पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघेन आणि सिस्टरसोबत वर येऊन थांबेन. तू भाऊजींच्या गाडीत बसलेली दिसलीस तर काही न बोलता परत जाईन. भाऊजींना अडवणार नाही, कोणाकडे तक्रार करणार नाही.

तरी विचारते. उद्याचा एक दिवस, अकरापासून त्याचा श्वास थांबेपर्यंत, मला त्याची बायको म्हणवून घेऊ दे.

उज्ज्वला